न चाखता

बागवानांच्या गाडीवर चारनंतर
केळ्यांचा भाव आपोआप उतरतो.
सालीवर काळे डाग, देठ सैल,
हात लावला की एखादं घडातून सुटूनच येतं.
"आजच संपवा ताई, उद्या माशा खातील."
म्हटलं, आजच संपतील. घरात सहा तोंडं आहेत
आणि पहाटेपासून सगळी बंद.

मीठानगरच्या चढावर पिशवी हाताला लागते.
तिसरा मजला. लिफ्टवर चिठ्ठी: दुरुस्ती चालू आहे.
ही चिठ्ठी बहुतेक गेल्या रमजानची.

केळी कुस्करली. चमच्यानं नाही, हातानं,
गाठ कुठे राहिली ते बोटांनाच कळतं.
कणीक, मूठभर रवा, ओलं खोबरं.
खोबरं माझ्या माहेरचं, श्रीवर्धनचं.
सासूबाई म्हणतात, गुलगुलों में खोपरा कोन डालता,
आणि पाच तरी खातात.

वेलच्या चार. सोडा नखावर राहील एवढा.
इथवर सगळं नजरेनं जमतं.
मग साखर.
केळं किती गोड, ते काही सालीवर लिहिलेलं नसतं.
एरवी बोट बुडवते, जिभेला लावते, संपला प्रश्न.
मौलाना सांगतात, जिभेच्या टोकावर घेऊन थुंकलं तर चालतं.
चालत असेल.
माझाच माझ्या जिभेवर भरवसा नाही.

पहिला घाणा सोडला.
तळाशी गेले, जरा थांबले,
मग एकेक वर आला
आणि आपणहून कूस बदलली.

तहूरा दारात उभी होती. चौदा वर्षांची.
ओढणीचं टोक दातात.
सहेरीला सगळ्यांबरोबर उठली होती,
खजूर खाल्ला, पाणी प्याली, नियत केली.
शाळेतून आली ती थेट न्हाणीत,
नंतर पोटाशी उशी घेऊन भूगोल.
"डोकं दुखतंय का?" फुरकाननं विचारलं.
"रोजा लागतोय," म्हणाली भावाला.
कपाटातलं पाकीट फोडलेलं मी दुपारीच पाहिलं.
विचारलं नाही.
मलाही माझ्या आईनं विचारलं नव्हतं;
मी नळ सोडून, न्हाणीत उभ्यानं,
कोरडी भाकरी खाल्ली होती,
चावण्याचा आवाज ऐकू जाईल म्हणून
जवळजवळ न चावता.

एक गुलगुला बशीत काढला,
मधून तोडला, फुंकर घातली.
आत केळ्याचा काळसर धागा, वाफ.
"ये. साखर बघ."

ती माझ्याकडे बघत राहिली.
बाहेर अदनान घड्याळ मोजत होता,
सव्वीस मिनिटं, पंचवीस.
मी दाराकडे जाऊन पाठ करून उभी राहिले.
पाठ माझी आताशा रुंद झालीय.
सगळं दार झाकतं.

मागे आधी काहीच नाही.
मग बशी वाजली.
मग झाऱ्याचा आवाज, म्हणजे दुसरा घेतला,
न विचारता.
"साखर बरोबरे," तोंड भरलेलं,
"पण मीठ टाकलंच नाहीस, अम्मी."

मीठ. चिमूटभर लागतं, आणि तेच विसरले.
उरलेल्या पिठात घातलं, पुन्हा ढवळलं.
अळणी घाणा डब्यात भरून
तिच्या दप्तराशेजारी ठेवला.

सहा चव्वेचाळीसला अजान.
सहा हात खजुराकडे गेले, त्यात तिचाही.
मुदस्सर रिक्षाची किल्ली खिशात असतानाच टेकले,
सरबत एका दमात.
सासूबाईंनी गुलगुला मोडला, चावला, थांबल्या.
"आज नमक-शक्कर बराबर पडी.
कोन चखा?"

मी पाण्याचा तांब्या सरकवला.
फुरकान फोनमध्ये.
म्हातारीनं चष्म्यावरून एकदा तहूराकडे पाहिलं,
आणि ताटातले मोठे बघून तीन
तिच्या बशीत वाढले.

"तिला तीन का?" अदनान ओरडला.
"गिन मत," म्हणाल्या. "खा."